पान नऊ मी लिहिलं होतं

समित्यांविषयी माझं मत पहिल्यापासून वाईट आहे, आणि तरीही मी एका समितीत दीड वर्ष काढलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी एकेकाला नावं ठेवायला लागले की कुणी विचारायला नको, "मग बाई, तुम्ही तिथं काय करत होता?" मिरवत होते. दुसरं काही नाही.

मी बारामतीच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करते. घर जळोचीत, पुढच्या खोलीत ऑफिस. सुरुवातीला सगळ्यांसारखे मीही बांधाचे आणि वाटपाचे दावे चालवले. मग एमआयडीसी वाढली, डेअऱ्या वाढल्या, आणि माणसं जमिनीवरून भांडायची तशी धंद्यावरून भांडायला लागली. भागीदार भागीदारावर, कंपनी वितरकावर, एकाचं नाव दुसऱ्याच्या पोत्यावर. या भांडणांसाठी वेगळं व्यापारी न्यायालय असतं. आमच्या भागाचं ते पुण्याला आहे आणि तिथला एक नियम फार कडक आहे. ज्याच्यावर दावा झाला त्यानं आपलं लेखी उत्तर द्यायचं असतं, त्याला आम्ही कैफियत म्हणतो. नेहमीच्या दाव्यात कैफियत उशिरा दिली तर न्यायाधीश चार शब्द सुनावतात, थोडा दंड लावतात आणि घेतात. व्यापारी न्यायालयात समन्स मिळाल्यापासून फार तर एकशेवीस दिवस. एकशेएकविसाव्या दिवशी प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी कैफियत घेत नाहीत.

आमच्याकडच्या वकिलांना हा नियम पचत नाही, कारण आमची सगळी वकिली तारखेवर उभी आहे. आज माझा घसा बसला, तुम्ही तारीख द्या. उद्या तुमच्या भाचीचं लग्न, मी देते. समोरचा वकील अर्जावर "हरकत नाही" असं लिहून सही करतो आणि गाडं पुढं सरकतं. याला आम्ही बिरादरी म्हणतो आणि तिचा आम्हाला भारी अभिमान असतो. पक्षकार तिला काय म्हणतात ते आम्ही कधी विचारलेलं नाही.

तर आबा. वय साठीच्या पुढं, वकिली चाळीस वर्षांची, आणि आवाज असा की बाररूममध्ये बोलले तर बाहेरचा झेरॉक्सवाला ओ देतो. सगळा बार त्यांना आबा म्हणतो. एकदा दुपारच्या सुट्टीत ते माझ्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, व्यापारी दावे चालवणाऱ्या वकिलांची समिती करतोय. बारामती अन् इंदापूर, दोन्ही तालुके मिळून. अध्यक्ष मीच हाय. तुमी पायजे."

"मी कशाला?"

"आवो, बाईमाणूस नको का एखादं? फोटो बरा दिसत न्हाय."

इतकं खरं बोललेलं त्या समितीत मी पुन्हा ऐकलं नाही. तेव्हाच डबा झाकून उठायला हवं होतं. पण समितीचं ध्येय कानाला चांगलं वाटत होतं. पुण्याचं न्यायालय बारामतीला आणायचं, आणि तोवर नव्या वकिलांना त्याचे नियम शिकवायचे. दोन्ही कामं खरोखर गरजेची होती. अंथुर्ण्याचा नाहीतर कोऱ्हाळ्याचा माणूस एका तारखेला पुण्याला जातो तेव्हा त्याचा अख्खा दिवस जातो आणि एसटीत कंबर जाते. शिवाय बॅनरवर माझं नाव येणार होतं. मी हो म्हटलं आणि सहसचिव झाले. सचिवानं न केलेली सगळी कामं करते ती सहसचिव, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.

पहिल्या तीन बैठका समितीच्या नावावर गेल्या. आम्ही अकरा जण, सहा बारामतीचे आणि पाच इंदापूरचे. "बारामती-इंदापूर" म्हटलं की पाच कपाळांना आठ्या पडायच्या. "आमी काय शेपूट हाय का?" असं इंदापूरच्या एका ज्येष्ठ वकिलांनी टेबलावर थाप मारून विचारलं. "इंदापूर-बारामती" म्हटलं की सहा जण चहाचा कप खाली ठेवायचे. शेवटी दोन बॅनर करायचं ठरलं. ज्या तालुक्यात बैठक, त्याचं नाव आधी. चौथी बैठक आम्ही मध्यावर, लासुर्ण्याच्या हॉटेलात घेतली. लासुर्णे इंदापूर तालुक्यात, पण हॉटेलचा मालक बारामतीचा. यावर पाऊण तास वाद झाला. बॅनर लागला नाही म्हणून फोटो निघाला नाही, आणि फोटो नाही म्हणून ती बैठक झालीच नाही असं धरायचं ठरलं. इतिवृत्त माझ्याकडेच होतं, त्यामुळे न झालेल्या बैठकीचं जेवण मी बिनबोभाट जेवले.

न्यायालयाच्या मागणीचं दोन पानी निवेदन मीच लिहिलं. ते आम्ही कुणीही पाहुणा आला की त्याच्या हातात द्यायचो. आधी शाल, मग गुच्छ, मग निवेदन, मग फोटो. पाहुणा ते शेजारच्या माणसाकडे सरकवायचा आणि शेजारचा माणूस गुच्छाखाली धरायचा. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मी विचारलं, "पोच कुणी घेतलीय का?" म्हणजे कागद मिळाल्याचा सही-शिक्का. पक्षकारानं ग्रामपंचायतीत साधा अर्ज पोचेशिवाय दिला तर त्याला तासभर झापणारे आम्ही अकरा वकील. एकाकडेही पोच नव्हती. "फोटो हाय की," आबा म्हणाले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती म्हण मी त्या दिवशी मनातल्या मनात त्या दहा जणांना लावून टाकली.

त्याच सुमाराला पणदऱ्याच्या ताई माझ्याकडे आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. घरामागच्या शेडमध्ये त्यांची पशुखाद्याची गिरणी होती. सरकी पेंड, मका, भुसा असं सगळं दळून मिसळून पोती भरायच्या. नवरा गिरणी चालवायचा आणि धंदा त्या चालवायच्या. पोत्यावर गाईचं चित्र होतं. कपाळावर पांढरा टिळा, आणि डावं शिंग खाली वाकलेलं. आसपासच्या गोठ्यांत ते खाद्य नावानं कुणी मागत नव्हतं, "वाकड्या शिंगाचं पोतं" म्हणूनच मागायचे.

बारामतीच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी विक्री दिली होती. त्यानं चार वर्षं माल विकला आणि मधल्या काळात ते चित्र गुपचूप स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं. मग ताईंवरच दावा लावला की हे चित्र माझं आहे, या बाईनं ते पोत्यावर छापू नये. जोडीला मनाईचा अर्ज, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत तिचं छापणं लगेच थांबवा.

"चित्र कुणी काढलं?" मी विचारलं.

ताईंनी पिशवीतून चित्रकलेची वही काढली. शाळेची, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. आत त्यांच्या मुलीनं चौथीत असताना काढलेली गाय. पांढरा टिळा, डावं शिंग खाली. खाली शाळेतल्या बाईंची लाल शाईत सही आणि तारीख, व्यापाऱ्याच्या नोंदणीच्या बारा वर्षं आधीची.

"आमच्या गोठ्यातली गाय हाय ती," ताई म्हणाल्या. "शिंग दावं अडकून वाकलं व्हतं. त्येला काय ठावं, शिंग का वाकडं हाय ते?"

बावीस वर्षांत इतका स्वच्छ पुरावा मी फार थोड्या वेळा पाहिला असेल. ती वही कैफियतीबरोबर दाखल झाली असती तर त्या व्यापाऱ्याला वाकड्या शिंगाचा खुलासा करताना घाम फुटला असता. मी ताईंना तसं सांगितलं. वही माझ्याकडे ठेवून घेतली आणि म्हटलं, "निश्चिंत राहा." पक्षकाराला हे म्हणायला आम्ही एका पायावर तयार असतो.

व्यापाऱ्याचे वकील होते आबा. आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. कोर्टात भांडायचं आणि बाहेर एका ताटात जेवायचं. पुण्याच्या तारखेला आम्ही दोघं आबांच्याच गाडीतून जायचो. मोरगाव, जेजुरी, सासवड, घाट उतरला की पुणं. वाटेत चहा, आणि गप्पा समितीच्या. पहिल्या तारखेला आम्ही कोर्टाच्या दारात उतरलो तेव्हा ताई तिथं उभ्या होत्या. पहाटे उठून, धारा काढून, नीरेवरून एसटीनं आल्या होत्या. मी विरुद्ध बाजूच्या गाडीतून उतरले ते त्यांनी पाहिलं. मला त्यात खुलासा करण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

आबा वाटेत म्हणाले होते, "मनाईच्या अर्जाची घाई करत न्हाय मी. तुमी निवांत कैफियत द्या. जमलं तर मिटवू. आपल्याच समितीतलं हाय." त्यांनी घाई केली नाही, हे खरं आहे. मीही केली नाही. मनाईच्या अर्जाला उत्तरही कैफियतीतच देऊ, असं मी ठरवून टाकलं. एक तारीख गेली, दुसरी गेली.

आणि इकडे पुस्तिका निघाली. नव्या वकिलांसाठी व्यापारी दाव्यांची मार्गदर्शिका, असा ठराव झाला. प्रत्येकानं तीन पानं लिहायची होती. दहा जणांनी फोटो दिले. कोट घातलेले, पुस्तकांच्या कपाटापुढचे, एकानं तर मोबाईल कानाला लावलेला. मजकूर एकानंही दिला नाही. शेवटी सगळी पुस्तिका मी लिहिली, आणि चांगली लिहिली हे मला आजही म्हणायचंय. सोपं मराठी, उदाहरणं बारामती-इंदापूरची, निमगाव केतकीच्या पानाच्या व्यापाऱ्याचं एक. पान नऊ कैफियतीच्या मुदतीवर होतं. त्यात मी जाड ठशात छापलं होतं: "समन्स मिळाल्यापासून एकशेवीस दिवस संपले की कैफियत देण्याचा हक्क संपतो. समोरच्या वकिलानं 'हरकत नाही' असं लिहून दिलं तरी न्यायालयाला मुदत वाढवता येत नाही. मैत्री बाररूममध्ये ठेवा." शेवटच्या वाक्यावर मी खूश होते. आबांना तेच वाक्य खटकलं, पण त्यांनी प्रूफ वाचलंच नव्हतं. त्यांना ते छापून आल्यावर दिसलं.

ताईंची कैफियत माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार होती, चोवीस पानी. राहिली होती ताईंची सही, प्रतिज्ञापत्र, आणि पुण्याला जाऊन दाखल करणं. एकशेविसावा दिवस शुक्रवारी येत होता. माझ्या डायरीत त्या तारखेला लाल गोल होता. त्याच चौकोनात निळ्या शाईत लिहिलं होतं: पुस्तिका प्रकाशन, इंदापूर, अकरा वाजता, सूत्रसंचालन. ते काम अर्थात बाईमाणसाचं.

ताईंना मी गुरुवारी सहीला बोलावलं, म्हणजे शुक्रवारी सकाळी ज्युनिअरला पुण्याला पाठवता आलं असतं. गुरुवारी सकाळी छापखान्यातून फोन आला. इंदापूरच्या त्या ज्येष्ठ वकिलांनी छापलेली पुस्तिका पाहिली होती. त्यांचा फोटो आबांच्या फोटोपेक्षा लहान होता. किती, तर करंगळीच्या नखाएवढा. पान बदला नाहीतर आम्ही पाच जण येणार नाही, असा निरोप होता. मी ज्युनिअरलाही बरोबर घेतलं आणि छापखान्यात जाऊन बसले. जुनं पान काढा, नवं लावा, पुन्हा शिलाई. एका वकिलाच्या गालाची मापं घेत मी तिथं संध्याकाळपर्यंत बसले. आता हे लिहिताना हसू येत नाही, स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ताई माझ्या ओट्यावर दुपारभर बसल्या होत्या. धारांची वेळ झाली तशा निघाल्या. निघताना फोन केला, "मॅडम, उद्या यिऊ का?"

उद्या मी इंदापुरात, ज्युनिअरही माझ्याबरोबर. मी म्हटलं, "सोमवारी या."

लाल गोल मला माहीत होता. विसरले असते तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं. पण बावीस वर्षांची सवय अशी असते की माहीत असलेली गोष्टही खरी वाटत नाही. काहीतरी होईल, तारीख मिळेल, कुणीतरी सही करेल, असंच वाटत राहतं.

शुक्रवारी इंदापुरात प्रकाशन झालं. मी माईकवर गोड आवाजात अकरा जणांची ओळख करून दिली, प्रत्येकाला एक विशेषण. सनई लावली होती. व्यासपीठामागे आबांना गाठून मी हळूच सांगितलं की आज पणदऱ्याच्या दाव्यातला शेवटचा दिवस आहे आणि कैफियत राहिली आहे.

आबांनी फेटा सावरला. "सोमवारी द्या की. मी 'हरकत न्हाय' म्हणून लिहून देतो. एवढं काय त्येच्यात?"

"पण नियम..."

"मॅडम, नियम पुस्तकात असत्यात. हितं मी हाय न्हवं?"

आणि मला बरं वाटलं. हातात माझीच पुस्तिका होती, तिच्या नवव्या पानावर माझंच वाक्य होतं, आणि मला त्या माणसाच्या शब्दानं बरं वाटलं.

सोमवारी, एकशेतेविसाव्या दिवशी, कैफियत दाखल केली. वरातीमागून घोडं. सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज, कारण "कामाच्या व्यापामुळे", आणि खाली आबांची ऐसपैस सही, हरकत नाही. बुधवारी समितीनं पुण्याच्या न्यायाधीशांना पुस्तिका भेट द्यायचं काढलं होतं, त्यासाठीही आबांबरोबर मीच गेले. व्यापारी न्यायालयाच्या न्यायाधीश बाई वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी गुच्छ घेतला नाही. पुस्तिका घेतली, चाळली आणि म्हणाल्या, "हे उपयोगाचं आहे." आबांनी तेवढ्यात फोटो काढायला सांगितलं, तर त्यांनी नको म्हटलं.

पुढच्या आठवड्यात अर्जाची सुनावणी होती. ताई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या दिवशी वही मी त्यांच्याकडे दिली होती, कारण न्यायाधीशांनी मूळ प्रत मागितली तर ताईंनी स्वतःच्या हातानं पुढं करावी. त्यांनी ती पदराखाली धरली होती.

न्यायाधीश बाईंनी अर्ज वाचला. "एकशेतेवीस दिवस," त्या म्हणाल्या.

"होय. पण समोरच्या बाजूची हरकत नाही," मी म्हटलं. आबा उभे राहिले, मान डोलावली, बसले.

न्यायाधीश बाईंनी टेबलावरच्या कागदांतून आमची पुस्तिका काढली आणि एक पान उघडलं. वाचायला लागल्या. सावकाश, आवाज न चढवता, जाड ठशातली तिन्ही वाक्यं. मैत्री बाररूममध्ये ठेवा, हेही. कोर्टात चार-पाच वकील बसले होते, त्यांतला एक हसला आणि लगेच खोकला.

"हे कुणी लिहिलंय?"

बरोबर उत्तर देण्याची वेळ आयुष्यात फार वेळा येत नाही. "मी," मी म्हटलं.

"मग तुम्हाला मी वेगळं काय सांगू?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, मला रागवायला तरी जागा मिळाली असती. कैफियत रेकॉर्डवर घेता येत नाही, असा हुकूम झाला.

मी अजून उभीच होते आणि शेजारी आबा उठले. "मग मॅडम, आमचा मनाईचा अर्ज आजच चालवावा. चार महिने झाले, समोरून उत्तर न्हाय." त्यांच्या आवाजात जराही खोट नव्हती. माझं उत्तर कैफियतीतच होतं आणि ती घेतली गेली नव्हती, म्हणून कागदावर खरंच उत्तर नव्हतं. मी तोंडी बोलले, दहा-बारा मिनिटं, गाईविषयी, शिंगाविषयी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे रेकॉर्डवर कुठं आहे?" मागं पदराखाली होतं ते. पण पदर म्हणजे रेकॉर्ड नव्हे. मनाई मंजूर झाली. त्या दिवसापासून ताईंनी पोत्यावर ती गाय छापायची नाही.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "मॅडम, वही बघितलीच न्हाय का त्यांनी?"

"नाही."

"मी घिऊन आल्ते की."

"ताई, उशीर झाला. माझ्याकडून." हे एवढं तरी मी म्हटलं. हायकोर्टात जाता येईल, असंही पुढं म्हटलं. त्यांनी वही पिशवीत घातली, पिशवीचे बंद दोनदा गुंडाळले आणि एसटी गाठायला निघून गेल्या. मी आबांच्या गाडीत बसले. माझी बॅग त्यांच्या डिकीत होती, असं कारण मी स्वतःला दिलं. घाट चढताना आबा म्हणाले, "मनावर घिऊ नका. पक्षकाराचं काम हाय, वैयक्तिक न्हाय." जेजुरीला त्यांनी मला चहा पाजला आणि मी प्याले.

घरी पोचेपर्यंत समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आबांचा निरोप येऊन पडला होता. "आनंदाची बातमी. आपल्या समितीच्या पुस्तिकेची माननीय न्यायालयाने आज भर कोर्टात दखल घेतली व त्यातील उतारा वाचून दाखवला. सर्वांचे अभिनंदन." खाली नऊ जणांचे टाळ्यांचे हात. इंदापूरच्या ज्येष्ठांनी विचारलं होतं, कुठलं पान? माझं उत्तर यायच्या आत दुसऱ्या कुणीतरी फुलांचा गुच्छ टाकला. पुढच्या बैठकीत माझ्या सत्काराचा ठराव आला तेव्हा मी राजीनामा दिला. तो स्वीकारायचा की नाही यावर बहुतेक अजून चर्चा चालू असेल.

पंधरा दिवसांनी ताई माझ्या ऑफिसात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या. पाणी दिलं, प्यायल्या. मग पिशवीतून एक वकीलपत्र काढून टेबलावर ठेवलं, दुसऱ्या वकिलाच्या नावाचं. आमच्यात रीत अशी की आधीच्या वकिलानं "हरकत नाही" असं लिहून दिल्याशिवाय नवा वकील काम घेत नाही. त्यासाठीच त्या आल्या होत्या. नाव वाचलं. कोऱ्हाळे बुद्रुकची मुलगी, सनद घेऊन दोनच वर्षं झालेली. कुठल्याच बॅनरवर मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"लहान आहे ती," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

"व्हय. पर ती माझ्याबरं यष्टीनं येती म्हणाली. मी पणदऱ्यात बसायचं, ती पुढं कोऱ्हाळ्याला चढती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमी मोठ्या हाय मॅडम. तुमाला गाडी आसती."

मी लिहिलं, हरकत नाही. सही केली. ती सही आबांच्या सहीइतकी ऐसपैस आली नाही.

फाईल त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी कागद उलटून पाहिले, वाचायला नव्हे, सगळे आहेत ना ते बघायला. पोती आता कोरी जातात, त्या म्हणाल्या. लोक येतात, शेडमध्ये पांढरी पोती बघतात, वाकड्या शिंगाचं हवं म्हणतात आणि बारामतीला जाऊन घेतात. हे त्यांनी पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं. मी फाईलची दोरी बांधून दिली.

दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या.

"मॅडम, त्या कोर्टातल्या बाई वाचत व्हत्या ते पुस्तक हाय का एखादं?"

"कशाला?"

"त्या पोरीला पायजे. ती म्हणती, कैफियत गेली तरी त्या व्यापाऱ्याची उलटतपासणी करता येती अन् तवा वही त्येच्यापुढं धरता येती. एकवीस नंबरच्या पानावर लिवलंय म्हणं. तिनं कुणाचं तरी घिऊन वाचलंय, सोताचं न्हाय तिच्याकडं."

पान एकवीसही मीच लिहिलं होतं. हुकूम झाल्यापासून पंधरा दिवस मी रोज त्या टेबलाशी बसत होते. ते पान उघडावं, असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

कपाटात वीस-पंचवीस प्रती पडल्या होत्या. मी एक काढून दिली. ताईंनी ती उभ्या उभ्या उघडली. पहिल्याच पानावर अकरा फोटो. त्यांनी त्यातला माझा शोधून काढला, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुस्तिका वहीला लावून पिशवीत ठेवली.

"चांगलं लिवलंय म्हणं तुमी," त्या म्हणाल्या, आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाल्या.